कलाशाळेचे दार

१. प्रास्ताविक

शिक्षणाची वाट सर्वांसाठी सरळ नसते. कोणाची शाळा मध्येच सुटते, कोणी घरच्यांच्या आग्रहाखातर न आवडणाऱ्या शाखेत प्रवेश घेतो, कोणाला नोकरीमुळे वा विवाहामुळे गाव बदलावे लागते. अशा वेळी मनात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो : 'आतापर्यंत जे शिकलो त्याचे काय? ते मोजले जाईल, की पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागेल?'

चित्रकला, शिल्पकला यांसारख्या विषयांत हा प्रश्न अधिकच अवघड होतो. इतिहासाच्या उत्तरपत्रिकेला गुण देता येतात. परंतु हाताला आलेले वळण, डोळ्याला लागलेली सवय गुणपत्रिकेत कशी मांडावी? प्रस्तुत पाठात कोलकात्याच्या कलाशिक्षणाच्या इतिहासातील काही उदाहरणे दिली आहेत. त्यांच्या आधारे श्रेयांकांचे हस्तांतरण म्हणजे काय, प्रवेशाचे पर्याय कोणते आणि त्यांतून निवड कशी करावी, याचा विचार केला आहे.

२. उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :

* कोलकात्याच्या कलामहाविद्यालयाचा थोडक्यात परिचय करून देणे;
* 'श्रेयांक', 'श्रेयांक हस्तांतरण' या संकल्पना स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करणे;
* प्रवेशाच्या विविध पर्यायांची तुलना करून कारणांसह निवड करणे;
* चौकशीचे औपचारिक पत्र लिहिणे;
* पाठातील सामासिक व संधियुक्त शब्द ओळखणे.

३. मूलपाठ

३.१ चौरंगीवरची शाळा

कोलकात्यातील चौरंगी भागात भारतीय संग्रहालयाची भव्य इमारत आहे. तिला लागूनच शासकीय कला व हस्तकला महाविद्यालय उभे आहे. या संस्थेचा आरंभ १८५४ साली झाला. त्या वेळी तिचे स्वरूप एका खाजगी औद्योगिक कलाशाळेचे होते. होतकरू तरुणांना रेखाटन, कोरीवकाम, मातीकाम असे पोटापाण्याला उपयोगी पडणारे शिक्षण द्यावे, एवढाच तिचा हेतू होता. १८६४ साली ती सरकारच्या हाती आली आणि हेन्री लॉक हे तिचे प्रमुख झाले. १८९२ साली ती संग्रहालयाशेजारच्या सध्याच्या जागेत आली. मुंबईची सर ज. जी. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली. म्हणजे या दोन्ही संस्था जवळजवळ समवयस्क होत.

आरंभीच्या काळात दोन्ही ठिकाणी युरोपीय पद्धतीचे शिक्षण दिले जाई. प्लॅस्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन करणे, पाश्चात्त्य चित्रांच्या नकला करणे हा अभ्यासाचा मोठा भाग असे. १८९६ साली अर्नेस्ट हॅवेल कोलकात्याच्या शाळेचे प्रमुख झाले. भारतीय विद्यार्थ्याने भारतीय कलेचाच पाया घेऊन पुढे जावे, असे त्यांचे मत होते. त्यांनी शाळेच्या संग्रहात मोगल आणि इतर भारतीय चित्रांना मानाचे स्थान दिले. हा बदल सर्वांना रुचला नाही. 'आम्हांला खरी कला, म्हणजे युरोपीय कला शिकू दिली जात नाही', अशी तक्रार काही विद्यार्थ्यांनीच केली. १९०५ साली अवनींद्रनाथ ठाकूर या शाळेचे उपप्रमुख झाले आणि भारतीय परंपरेच्या शोधाला शाळेत बळ मिळाले.

३.२ न जुळलेले महाविद्यालय

याच सुमारास एक तरुण या शाळेच्या दाराशी येऊन उभा राहिला. त्याचे नाव नंदलाल बसू. ३ डिसेंबर १८८२ रोजी बिहारमधील मुंगेर जिल्ह्यातल्या खरगपूर येथे त्यांचा जन्म झाला. देवतांच्या मूर्ती घडवणाऱ्या कारागिरांचे काम पाहत बसणे हा त्यांचा लहानपणीचा छंद. शालेय शिक्षणासाठी ते कोलकात्यात आले आणि १९०२ साली शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन महाविद्यालयात दाखल झाले. पुढच्याच वर्षी त्यांचा सुधीरादेवींशी विवाह झाला.

येथपर्यंत सारे रीतीप्रमाणे चालले होते. परंतु महाविद्यालयातील अभ्यासात त्यांचे मन रमेना. परीक्षेत अपयश आले, महाविद्यालय बदलले, पुन्हा अपयश आले. चित्रकला शिकण्याची इच्छा त्यांनी घरी बोलून दाखवली, तेव्हा तिला संमती मिळाली नाही. चित्रे काढून संसार कसा चालणार, ही घरच्यांची काळजी त्या काळाला धरूनच होती. शेवटी १९०५ साली त्यांनी प्रेसिडेन्सी महाविद्यालयात वाणिज्य शाखेत नाव घातले. हिशेबांच्या वह्या आणि नंदलाल यांचे सूत तेथेही जुळले नाही.

विशीतला विवाहित तरुण, तीन वर्षांत अनेक महाविद्यालये आणि पदरी एकही यश नाही! आजच्या भाषेत सांगायचे तर त्यांच्या खात्यावर एकही श्रेयांक नव्हता. अखेर घरच्यांची समजूत घालून ते कलाशाळेत गेले. जाताना त्यांनी गुणपत्रिकांऐवजी स्वतः काढलेली चित्रे बरोबर नेली. त्यांत युरोपीय चित्रांच्या नकलाही होत्या. हॅवेल आणि अवनींद्रनाथ यांनी ती पाहिली आणि नंदलाल यांना प्रवेश मिळाला.

पुढील पाच वर्षे त्यांनी अवनींद्रनाथांच्या हाताखाली अभ्यास केला. १९०८ साली प्राच्य कलेच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राला ५०० रुपयांचे पारितोषिक मिळाले. १९०९ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर जे चित्रकार महाराष्ट्रात आले, त्यांत नंदलाल होते. पुढे शांतिनिकेतनातील कलाभवनाची धुरा त्यांनी दीर्घकाळ वाहिली. १९३६ साली जळगाव जिल्ह्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. त्याची सजावट महात्मा गांधींनी नंदलाल यांच्यावर सोपवली. बांबू, तट्टे अशा खेड्यात मिळणाऱ्या साहित्यातून त्यांनी ती उभी केली. भारतीय संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीची सजावटही त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली.

नंदलाल यांची कहाणी वाचताना एक गोष्ट विसरता कामा नये. ती केवळ प्रतिभेच्या विजयाची कथा नाही. त्या वेळी एका शाखेतून दुसऱ्या शाखेत जाण्याची कोणतीही नियमबद्ध वाट नव्हती. शाळेच्या प्रमुखांनी चित्रे पाहायचे नाकारले असते, तर पुढे काही घडलेच नसते. ज्यांची चित्रे कोणी पाहिलीच नाहीत, असे किती तरुण त्या काळी परत फिरले असतील, याची नोंद कोठेही नाही. शिकणाऱ्याचे भवितव्य एखाद्या व्यक्तीच्या कृपेवर अवलंबून राहू नये, यासाठीच नियम लागतात.

पाठगत प्रश्न १

योग्य पर्याय निवडून वाक्य पूर्ण करा.

१. कोलकात्याची कलाशाळा सरकारच्या हाती आली ते वर्ष : (अ) १८५४ (आ) १८६४ (इ) १८९२
२. कलाशाळेत जाण्यापूर्वी नंदलाल यांनी प्रेसिडेन्सी महाविद्यालयात घेतलेली शाखा : (अ) विज्ञान (आ) विधी (इ) वाणिज्य
३. कलाशाळेत जाताना नंदलाल यांनी बरोबर नेले : (अ) शिफारसपत्र (आ) स्वतःची चित्रे (इ) गुणपत्रिका

३.३ संस्था बदलणारे कलावंत

कलेच्या क्षेत्रात एकाच संस्थेत सुरुवातीपासून शेवटपर्यंत शिकलेले जसे पुष्कळ आढळतात, तसेच वाटेत संस्था बदललेलेही पुष्कळ आढळतात. कोलकात्यात शासकीय शाळेप्रमाणेच रणदाप्रसाद गुप्त यांनी काढलेली ज्युबिली आर्ट अकादमी होती. तेथे युरोपीय पद्धतीने वास्तवदर्शी चित्रण शिकवले जाई. हेमेन मजुमदार शासकीय शाळा सोडून ज्युबिलीत गेले. अतुल बसू ज्युबिलीतून शासकीय शाळेत आले. एकाच शहरात दोघांच्या वाटा परस्परविरुद्ध दिशांना गेल्या आणि दोघेही नामवंत चित्रकार झाले. कोणती संस्था श्रेष्ठ, हा येथे प्रश्न नाही. आपल्याला काय शिकायचे आहे आणि ते कोठे शिकवले जाते, हे ओळखणे महत्त्वाचे.

शिल्पकार मीरा मुखर्जी यांचा प्रवास याहून लांबचा. कोलकात्यात अवनींद्रनाथांच्या परंपरेतील चित्रकलेचे धडे, मग दिल्लीच्या पॉलिटेक्निकमधील पदविका आणि त्यानंतर जर्मनीतील म्युनिकच्या कला अकादमीतील शिक्षण असे टप्पे त्यांनी पार केले. मायदेशी परतल्यावर त्या बस्तरच्या धातुकारागिरांकडे शिकायला गेल्या. मेणाच्या साच्यातून ओतकाम करण्याची त्यांची पद्धत त्यांनी आत्मसात केली. त्या कारागिरांनी त्यांना कोणतेही प्रमाणपत्र दिले नाही; तरीही मीराबाईंच्या शिल्पांना स्वतःची ओळख मिळाली ती या शिक्षणामुळेच.

के. जी. सुब्रमण्यन यांची हकिकत निराळी आहे. ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकत होते. १९४२ च्या लढ्यात त्यांना कारावास घडला आणि शासकीय महाविद्यालयांची दारे त्यांना बंद झाली. १९४४ साली ते शांतिनिकेतनच्या कलाभवनात दाखल झाले. रवींद्रनाथांनी १९१९ साली सुरू केलेल्या या संस्थेत ठरावीक अभ्यासक्रम आणि परीक्षा यांपेक्षा प्रत्यक्ष कामाला महत्त्व होते. म्हणूनच अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही तेथे जागा मिळू शकली.

बंगालची ही वाट महाराष्ट्रालाही परकी नव्हती. अलिबागजवळच्या सासवणे गावचे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर मुंबईच्या कलाशाळेत शिकले, कोलकात्यात काही वर्षे राहून काम करते झाले आणि पुढे लंडनच्या रॉयल अकादमीत गेले. १९२८ साली पुण्यात उभा राहिलेला छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांनीच घडवला. विनायक मासोजी महाराष्ट्रातून शांतिनिकेतनात गेले, नंदलाल यांच्याकडे शिकले आणि कलाभवनातच अध्यापक झाले.

३.४ श्रेयांक म्हणजे काय?

वरील कलावंतांच्या काळात एका संस्थेतले शिक्षण दुसरीने मानावे असा सर्वसाधारण नियम नव्हता. आज त्यासाठी 'श्रेयांक' हे माप वापरले जाते. विद्यार्थ्याने एखाद्या विषयासाठी किती तास अभ्यास केला आणि तो विषय तो उत्तीर्ण झाला की नाही, याची एकत्र नोंद म्हणजे श्रेयांक. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या आराखड्यानुसार एका सत्रात व्याख्यानांचे १५ तास म्हणजे एक श्रेयांक. परंतु चित्रशाळेतील प्रत्यक्ष कामाचे ३० तास म्हणजे एक श्रेयांक. यावरून लक्षात येईल की, कलाशाखेतील विद्यार्थ्याला तेवढेच श्रेयांक मिळवण्यासाठी वर्गात अधिक वेळ उभे राहावे लागते. नोकरी करून शिकणाऱ्याने प्रवेशापूर्वी हा हिशेब अवश्य मांडावा.

या श्रेयांकांची साठवण करण्यासाठी २०२१ साली 'शैक्षणिक श्रेयांक बँक' स्थापन झाली. ही पैशांची बँक नव्हे. विद्यार्थ्याचे खाते डिजिलॉकरच्या साहाय्याने उघडते आणि त्याला बारा अंकी ओळख क्रमांक मिळतो. तो ज्या मान्यताप्राप्त संस्थेत शिकला, ती संस्था त्याचे श्रेयांक या खात्यात जमा करते. येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे : विद्यार्थी स्वतः आपली गुणपत्रिका नेऊन या बँकेत भरू शकत नाही. जमा करण्याचे काम संस्थेचेच. म्हणून जुनी संस्था सोडण्यापूर्वी आपले श्रेयांक खात्यात दिसतात की नाही हे पाहणे विद्यार्थ्याच्या हिताचे असते.

जमा झालेले श्रेयांक कायमचे टिकत नाहीत. २०२१ च्या विनियमांनुसार त्यांची मुदत जास्तीत जास्त सात वर्षे आहे. शिवाय एका पदवीसाठी वापरलेले श्रेयांक दुसऱ्या पदवीसाठी पुन्हा वापरता येत नाहीत. ज्या संस्थेची पदवी हवी, तिच्याकडून किमान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात.

३.५ दोन विद्यार्थी, दोन निर्णय

समजा, एका विद्यार्थ्याने मुंबईत ललितकलेच्या चार वर्षांच्या पदवीची दोन वर्षे पूर्ण केली आहेत. वडिलांच्या बदलीमुळे त्याला कोलकात्यात जावे लागत आहे. राष्ट्रीय आराखड्यानुसार वर्षाला सुमारे ४० श्रेयांक धरले, तर चार वर्षांच्या पदवीचे १६० श्रेयांक होतात आणि त्याच्या खात्यावर ८० श्रेयांक आहेत. नव्या संस्थेकडून निम्मे, म्हणजे ८० श्रेयांक घेण्याची अट तो पुढील दोन वर्षांत पूर्ण करू शकेल. हिशेबाने त्याची वाट मोकळी आहे.

तरीही हिशेब जुळला म्हणजे प्रवेश मिळाला, असे होत नाही. तिसऱ्या वर्षात जागा रिकामी असली पाहिजे. त्याने केलेले विषय नव्या अभ्यासक्रमाशी जुळले पाहिजेत. मुंबईत त्याने उपयोजित कला घेतली असेल आणि कोलकात्यात त्याला शिल्पकला हवी असेल, तर कलेचा इतिहास आणि मूलभूत रेखाटन यांचे श्रेयांक मानले जातील. परंतु मातीकाम व साचेकाम त्याला नव्याने शिकावे लागेल. नियम विद्यार्थ्याला अर्ज करण्याचा मार्ग देतात. अंतिम निर्णय प्रवेश देणाऱ्या संस्थेचा असतो.

आता दुसरे उदाहरण. एका विद्यार्थिनीने कला शाखेत, म्हणजे बी. ए.ला, दोन वर्षे मराठी आणि इतिहास शिकून शिक्षण सोडले. लग्नानंतर ती कोलकात्यात राहते आणि तिला आता चित्रकला शिकायची आहे. तिच्या खात्यावरही ८० श्रेयांक आहेत. परंतु त्यांत चित्रशाळेतील कामाचा एकही श्रेयांक नाही. 'कला शाखा' आणि 'कलामहाविद्यालय' या शब्दांतील 'कला' एकच असली, तरी दोन्हीकडचा अभ्यास एक नव्हे. तिने आपले ८० श्रेयांक मोजले जावेत असा आग्रह धरला, तर तिच्या पदरी निराशाच येईल. तिच्यापुढे तीन पर्याय आहेत.

पहिला : प्रवेशपरीक्षा देऊन ललितकलेच्या पहिल्या वर्षात नव्याने प्रवेश घेणे. यात चार वर्षे जातील. पण पाया पक्का होईल. भाषा किंवा अन्य सामाईक विषयांचे काही श्रेयांक मानले जातात का, हे तिने विचारून पाहावे.

दुसरा : अपुरी राहिलेली बी. ए. मुक्त विद्यापीठातून पूर्ण करणे आणि त्याच वेळी चित्रकलेच्या अभ्यासक्रमात शिकणे. २०२२ पासून आयोगाने विद्यार्थ्यांना दोन पूर्णवेळ अभ्यासक्रम एकाच वेळी करण्याची मुभा दिली आहे. एक वर्गात बसून आणि दुसरा दूरशिक्षणाने करता येतो. दोन्ही वर्गात बसून करायचे असतील, तर त्यांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत.

तिसरा : लहान मुदतीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आधी करून आपला कल आणि हात पारखून पाहणे, आणि मग पदवीचा विचार करणे.

यांपैकी योग्य पर्याय कोणता? जिला घरातून चार वर्षांची मोकळीक आणि आधार आहे, तिने पहिला निवडावा. जिला नोकरीसाठी पदवी लवकर हवी, तिला दुसरा सोयीचा. आपल्याला ही वाट झेपेल की नाही अशी शंका जिच्या मनात आहे, तिने तिसऱ्यापासून आरंभ करण्यात कमीपणा नाही. तिची बी. ए.ची दोन वर्षे मात्र कोणत्याही पर्यायात सर्वस्वी वाया जात नाहीत. चित्राखाली काय लिहावे, कोणत्या काळातील वेश कसा होता, गोष्ट कशी सांगावी, हे तिला त्या दोन वर्षांनी शिकवलेलेच असते.

पाठगत प्रश्न २

चूक की बरोबर ते लिहा.

१. चित्रशाळेतील १५ तासांच्या कामाला एक श्रेयांक मिळतो.
२. विद्यार्थी स्वतः आपले श्रेयांक बँकेत भरू शकतो.
३. जमा श्रेयांकांची मुदत जास्तीत जास्त सात वर्षे असते.
४. एकच श्रेयांक दोन पदव्यांसाठी वापरता येतो.

३.६ मुक्त विद्यालयातील सोय

श्रेयांकांचा विचार केवळ महाविद्यालयापुरता नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत तो माध्यमिक स्तरापासूनच दिसतो. अन्य मान्यताप्राप्त मंडळाच्या परीक्षेत सर्व विषयांत यश न मिळालेल्या विद्यार्थ्याला, उत्तीर्ण झालेल्या जास्तीत जास्त दोन विषयांचे गुण या संस्थेत हस्तांतरित करून घेता येतात. हे विषय संस्थेच्या यादीत असले पाहिजेत. एकदा नोंदणी झाली की ती पाच वर्षे टिकते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एखाद्या विषयात मिळवलेले यश जमा राहते. पुढच्या वेळी फक्त उरलेले विषय द्यायचे असतात. चित्रकला हा विषय माध्यमिक आणि उच्च माध्यमिक अशा दोन्ही स्तरांवर उपलब्ध आहे. त्यामुळे कलामहाविद्यालयाकडे जाऊ इच्छिणाऱ्याला आपली तयारी येथूनच सुरू करता येते.

३.७ अर्ज करण्यापूर्वी

संस्था बदलताना विद्यार्थ्यांची वर्षे वाया जातात ती बहुतेकदा बुद्धी कमी पडल्याने नव्हे, तर वेळेवर चौकशी न केल्याने. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

जुन्या संस्थेकडून सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, शिकवल्या गेलेल्या अभ्यासक्रमाची साक्षांकित प्रत, ना हरकत प्रमाणपत्र आणि स्थलांतर प्रमाणपत्र घ्यावे. अभ्यासक्रमाची प्रत फार महत्त्वाची. कारण विषयाचे नाव सारखे असले, तरी आतील भाग सारखा असेलच असे नाही. दोन्ही अभ्यासक्रम शेजारी ठेवूनच नवी संस्था तुलना करते.

कलामहाविद्यालयासाठी आपल्या निवडक कामांचा संग्रह तयार ठेवावा. त्यात पूर्ण झालेल्या चित्रांबरोबर रोजच्या सरावाची रेखाटनेही असावीत. प्रत्येक कामामागे तारीख, माध्यम आणि आकार लिहावा. दुसऱ्याच्या चित्राची नकल असेल, तर तसे स्पष्ट लिहावे.

प्रश्न तोंडी विचारले तरी उत्तर लेखी घ्यावे. 'किती श्रेयांक मानले जातील? कोणत्या वर्षात प्रवेश मिळेल? राहिलेले विषय केव्हा द्यावे लागतील? शुल्क किती?' हे चार प्रश्न जुनी जागा सोडण्यापूर्वीच विचारावेत. नव्या ठिकाणी प्रवेश निश्चित होण्याआधी जुन्या ठिकाणचे नाव काढून घेऊ नये. तसे केल्यास विद्यार्थी दोन्हीकडून अंतरतो.

भाषेचाही विचार करावा. कोलकात्यात कार्यालयीन कामकाज बंगाली व इंग्रजीत चालते. चौकशीचे पत्र इंग्रजीत पाठवायचे असले, तरी त्याचा कच्चा मसुदा आधी आपल्या मातृभाषेत लिहावा. काय विचारायचे आहे हे मनात स्पष्ट झाले की दुसऱ्या भाषेत मांडणे सोपे जाते.

२०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने अनुभवातून मिळवलेल्या शिक्षणालाही, योग्य मूल्यमापनानंतर, श्रेयांक देण्याची तरतूद केली आहे. कुंभाराच्या चाकावर वाढलेल्या मुलाचे किंवा पैठणी विणणाऱ्या स्त्रीचे ज्ञान मोजण्याचा विचार निदान सुरू झाला आहे. नंदलाल यांच्या वेळी ते काम एका पारखी नजरेने केले होते. आता नियमांचा आधार आहे. पण नियम माहीत करून घेण्याचे, कागद जुळवण्याचे आणि हाताचा सराव चालू ठेवण्याचे काम शिकणाऱ्यालाच करावे लागते.

४. शब्दार्थ

समवयस्क – सारख्या वयाचे
सूत जुळणे – मनाने जमणे, एकमत होणे
धुरा वाहणे – जबाबदारी पार पाडणे
आत्मसात करणे – पूर्णपणे शिकून आपलेसे करणे
साक्षांकित – अधिकाऱ्याने खरी असल्याची सही दिलेली
मसुदा – लेखनाचा कच्चा आराखडा
मुभा – परवानगी
अंतरणे – मुकणे, गमावून बसणे

५. भाषाभ्यास

(अ) संधी : दोन वर्ण एकत्र येऊन त्यांत बदल होतो, त्यास संधी म्हणतात. 'श्रेयांक' या शब्दात श्रेय + अंक अशी फोड होते. 'अ' आणि 'अ' एकत्र येऊन 'आ' झाला आहे. त्याचप्रमाणे : स्थल + अंतर = स्थलांतर; विद्या + आलय = विद्यालय.

(आ) समास : 'कलाशाळा' म्हणजे कलेची शाळा. येथे दुसरे पद महत्त्वाचे असून पहिल्या पदाचा विभक्तिप्रत्यय गाळला आहे. हा तत्पुरुष समास होय. 'गुणपत्रिका', 'प्रवेशपरीक्षा' हे शब्दही याच प्रकारचे आहेत. त्यांचा विग्रह करून पाहा.

६. तुम्ही काय शिकलात?

* कोलकात्याची कलाशाळा १८५४ साली सुरू झाली. नंदलाल बसू अनेक महाविद्यालयांतील अपयशानंतर तेथे आले ते आपल्या चित्रांच्या बळावर.
* अनेक कलावंतांनी शिक्षणाच्या वाटेत संस्था बदलल्या.
* श्रेयांक हे अभ्यासाचे माप आहे. ते बँकेत जमा करण्याचे काम संस्था करते आणि त्यांना मुदत असते.
* श्रेयांकांची संख्या पुरेशी असली, तरी विषय जुळणे आणि जागा उपलब्ध असणे आवश्यक असते.
* निर्णय घेण्यापूर्वी लेखी चौकशी करणे हिताचे असते.

७. स्वाध्याय

१. नंदलाल बसू यांच्या घरच्यांनी आरंभी कलाशिक्षणाला संमती का दिली नसावी? तुमचे मत आठ ते दहा वाक्यांत लिहा.

२. 'कला शाखा' आणि 'कलामहाविद्यालय' यांतील फरक पाठातील उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा.

३. मीरा मुखर्जी बस्तरच्या कारागिरांकडे जे शिकल्या, त्याला श्रेयांक द्यावेत असे तुम्हांला वाटते का? द्यावेत असे वाटत असल्यास त्याचे मूल्यमापन कोणी आणि कसे करावे?

४. पाठातील विद्यार्थिनीच्या जागी तुम्ही असता, तर तीन पर्यायांपैकी कोणता निवडला असता? कारणे द्या.

५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : सूत जुळणे, धुरा वाहणे, पदरी निराशा येणे.

६. पत्रलेखन : तुम्ही अन्य मंडळाच्या परीक्षेत दोन विषयांत उत्तीर्ण झाला आहात. त्या विषयांचे गुण मुक्त विद्यालयात हस्तांतरित करून मिळावेत, यासाठी आपल्या अभ्यासकेंद्राच्या समन्वयकांना पत्र लिहा. पत्रात दिनांक, विषय, पूर्वीच्या परीक्षेचे वर्ष, उत्तीर्ण विषय आणि जोडलेल्या कागदपत्रांची यादी असावी.

७. उपक्रम : तुमच्या परिसरातील एखादा कारागीर – कुंभार, विणकर, पाट्या रंगवणारा वा मूर्तिकार – आपले काम कोणाकडून आणि किती काळ शिकला, याची माहिती घ्या आणि ती एका पानात लिहा.

८. पाठगत प्रश्नांची उत्तरे

पाठगत प्रश्न १ : १. (आ) १८६४ २. (इ) वाणिज्य ३. (आ) स्वतःची चित्रे

पाठगत प्रश्न २ : १. चूक २. चूक ३. बरोबर ४. चूक